आबांनी न बघितलेल्या मॅचेस

तनुताईनं रिटायरमेंटचा मेल सकाळीच पाठवून टाकला. फेडरेशनला कळलं, तिच्या डॉक्टरला कळलं, मला कळलं. राहिले फक्त आबा, आमचे वडील. अन् आबा सोयगावहून एसटीत बसले होते.

"तू सांग," ताई मला म्हणली.

"मी का? टेनिस तू सोडलं."

"तू लहान हायेस. तुला नाय बोलणार काही."

"तुला तरी कवा बोलले ते?"

"तेच तर. बोलले असते तर सोपं गेलं असतं."

ताई लई वर्षं प्रोफेशनल खेळली. थायलंड, इजिप्त, तुर्कस्तान. टीव्हीवर दाखवतात तसल्या मोठ्या स्पर्धा नाय, त्यांच्या खालच्या. जिथं बॅगा आपल्याच उचलायच्या अन् दोघीतिघींनी मिळून एक खोली घ्यायची. तरी एकदा देशात पहिल्या दहात आली होती. मग खांदा गेला. ऑपरेशन झालं, पुन्हा झालं. आबांचा रोज संध्याकाळी फोन. "खांदा काय म्हणतो?" ही म्हणायची, बरा हाय. बरा नव्हता.

तिला खेळायला लावलं आबांनीच. शेतकरी माणूस, रॅकेट कधी हातात धरलेली नाय. खळं शेणानं सारवून त्याच्यावर चुन्याच्या रेघा मारल्या अन् रोज सकाळी टोपलीतले बॉल तिच्याकडं फेकायचे.

पण मॅच? एक बी पुरी बघितली नाय.

त्याचं असं झालं. ताई बारकी असताना सोलापूरला फायनल होती. ही आरामात जिंकत होती. आबांची एसटी उशिरा पोचली, ते आले, बसले, अन् तिथून पुढं ही एक गेम जिंकली नाय. झालं. आबांनी ठरवून टाकलं, आपली नजर वाईट. त्यानंतर मॅच असली की आबा बाहेर, भिंतीकडं तोंड करून. टाळ्या वाजल्या की मान खाली. घरी मोबाईलवर मॅच लागली तर सरळ गोठ्यात. आई आतून स्कोअर ओरडायची तर तो बी नको. "झाल्यावर सांगा," म्हणायचे.

दुपारी आबा शहरात, उस्मानपुऱ्यातल्या आमच्या खोलीवर आले. पिशवीतून मेथी निघाली, भाकरी निघाल्या, अन् तेलाची बाटली निघाली.

"सिल्लोडकडं एक वैद्य हाय. हाडात उतरतं म्हणं हे. बस खाली."

ताई बसली. आबा खांदा चोळायला लागले. ताईनं माझ्याकडं बघितलं. मी फ्रीज उघडला अन् आतच बघत बसलो.

"आबा, मी आता खेळणार नाय."

आबांचा हात चालूच.

"आज?"

"आज नाय, कधीच नाय. सकाळी कळवून टाकलं. संपलं."

हात थांबला. तेल ओघळून ताईच्या कोपरापर्यंत आलं.

"माझ्यामुळं झालं हे," आबा म्हणले.

"तुमच्यामुळं काय?"

"तुर्कस्तानची मॅच. शेजारच्या किसन्याचा मोबाईल चालू होता, घरात कुणी नव्हतं. मी बघितलं. जरासंच बघितलं. तू सर्व्हिस केली अन् खांदा धरून खालीच बसली."

मी फ्रीज लावला. म्हणजे इतके दिवस हे होतं. नवं तेल, नवा वैद्य, रोजचा फोन. आम्हाला वाटायचं, यांना ताईची रँकिंग पाहिजे.

ताई पूर्ण वळली.

"आबा, खांदा त्याच्या लई आधी गेला होता. त्या दिवशी मी इंजेक्शन घेऊन उतरले होते. डॉक्टर नको म्हणत होता."

"खरं सांगती?"

"आईशप्पथ."

"मग आम्हाला का नाय सांगितलं?"

"तुम्ही खेळू दिलं नसतं."

"नसतंच दिलं." आबांनी बाटलीचं झाकण लावलं. "म्हणजी मी बघितलं नसतं तरी?"

"तरी बसलेच असते खाली."

आबा उठून हात धुवायला गेले. लई वेळ नळ चालू. ताई भिंतीला टेकून बसली, डोळे मिटून, अन् हसायला लागली. आवाज नाय, नुसते खांदे हलत होते. आबा आले ते टॉवेलला हात पुसत.

"भूक लागली. वाढा."

दोन भाकरी खाल्ल्या. तिसरी मोडता मोडता विचारलं, "आता तू हारली तर काय जातं?"

"काहीच नाय जात."

"मग चल. कुठं खेळतीस ते दाखव."

ताई गारखेड्याला पोरींना शिकवते. त्यातली राजनंदिनी सोळा वर्षांची, मोठ्यालहानाचा मुलाहिजा न ठेवता मारते. ताईनं तिलाच समोर उभं केलं. आबा बाकड्यावर बसले, ते कोर्टाकडं पाठ करून.

"आबा, उलटं बसलाय," मी म्हणलो.

"व्हय की." फिरून बसले. मांडीवर हात गच्च.

ताईचा बॉल नेटमधी गेला. "कायकू मारी रे मैं," ती स्वतःवरच खेकसली.

आबांनी माझ्याकडं बघितलं. "मॅचमधी असं बोलती ही?"

"पहिल्यापासून."

"हिंदीत?"

"इंग्लिशमधी बी. त्याचा अर्थ नका विचारू."

खांद्यामुळं ताई सर्व्हिस खालून करत होती. आबा अस्वस्थ. "खालून चालतं का?"

"नियमात बसतं."

मग खालून केलेल्या प्रत्येक सर्व्हिसला आबांनी टाळ्या वाजवल्या. एक बाहेर गेली, तिला बी.

"काका, ती फॉल्ट होती," राजनंदिनी तिकडून म्हणली.

"असू दे. चांगली होती."

ताई सहा-दोन हारली. घामानं निथळत बाकड्यापाशी आली, पाणी प्यायली अन् आबांकडं बघत उभी राहिली.

"बघितलं? हारले."

"हां, बघितलं," आबा म्हणले. "अजून एक होईल का? एसटीला टाइम हाय."

"पुन्हा हारेन मी."

"हार की," आबा म्हणले, अन् सावली सरकली होती म्हणून बाकड्यावर जरा पलीकडं सरकून बसले.