बियाण्याची टोपली

फाल्गुन सरत आला होता. कडुनिंबाखाली मी आणि शेजारची शैलजा लसणाच्या दांड्या कापत बसलो होतो. रानातल्या काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. शैलजा कात्री डाव्या हातानं चालवत होती. तीन वर्षांमागं छातीतली कॅन्सरची गाठ काढली, तेव्हापासून तिचा उजवा हात सुजलेलाच असतो.

"जरा टेक गं," मी म्हटलं.

"टेकले तर उठायची नाही, अमिता. थकवा हाडात जाऊन बसून ऱ्हायलाय." बियाण्याची टोपली तिनं माझ्याकडं सरकवली. "बियाण्यासाठी मोठ्या गड्ड्या तूच निवड. दिवाळीला पेरायला मी असेन, नसेन."

असं बोलली की मला तिचा राग येतो, आणि रडूही येतं.

तेवढ्यात तिचा पुतण्या परेश इंदूरहून गाडीवर आला. तो विम्याचा एजंट. शैलजानंच बोलावला होता. नवरा सुधाकर भोळा सांब, लेक ईशा नववीत. आपल्यामागं पोरीची शाळा सुटू नये, एवढाच तिला घोर.

परेशनं फॉर्म काढला. "काकी, आजाराच्या खान्यात 'नाही' लिहून टाकतो. कोण बघून ऱ्हायलंय?"

"हो भिया, लिही," गाडीचा आवाज ऐकून घरातून आलेला सुधाकर म्हणाला. "चांगल्या कामाला थोडं झूठ चालतं."

मला राहवेना. "आणि उद्या कंपनीनं दवाखान्याचे कागद उकरले तर? पोरीच्या हाती भोपळा?"

शैलजानं कात्री खाली ठेवली. "परेश, माझी गूळतुला झाली तेव्हा तराजूची दोरी कोणी धरली होती रे?"

परेश मातीकडं बघू लागला. इलाज संपल्यावर सुधाकरनं नवस फेडला होता. हनुमानजीच्या देवळापुढं बायकोला गुळानं तोललं आणि तो गूळ गावभर वाटला. गुळाच्या चारच भेल्यांत पारडं उचललं, एवढी ती वाळली होती. त्याचा व्हिडिओ ह्याच दिवट्यानं 'काकीने कॅन्सर को हराया' म्हणून सगळ्या जगाला पाठवला होता.

"माझं दुखणं तुम्ही सगळ्यांनी गुळाबरोबर खाल्लं," शैलजा म्हणाली. "आता कोणत्या तोंडानं नाही म्हणू? सगळं लिही. ऑपरेशन, किमो, गळलेले केससुद्धा लिही."

पंधरा दिवसांनी परेश पडलेल्या तोंडानं परत आला. आम्ही तिथंच, लसणाच्या ढिगापाशी. त्यानं कंपनीचं पत्र वाचलं, "सध्या विमा देता येत नाही. दोन वर्षांनी पुन्हा अर्ज करावा."

सुधाकर म्हणाला, "घ्या! खरं बोलायचं इनाम."

शैलजा मात्र म्हणाली, "शेवटचं पुन्हा वाच."

"दोन वर्षांनी पुन्हा अर्ज करावा."

"म्हणजे दोन वर्षांनी मी असेन, असं त्यांना वाटतं?"

"काकी, तसा मतलब नसतो त्याचा. सगळ्यांना हेच छापील..."

"असू दे छापील. डॉक्टरनंसुद्धा मला एवढं लिहून दिलं नव्हतं."

पोरीला त्या पत्रातून काही मिळणार नव्हतं, ते तिलाही कळत होतं. तरी तिनं पत्राची घडी केली, दवाखान्याच्या पिशवीत सगळ्यात वर ठेवली आणि सुजलेला हात मांडीवर सावरून बसली.

"अमिता," ती म्हणाली, "ती बियाण्याची टोपली दे इकडं. तुला निवडता येत नाही. सगळ्या बारक्या गड्ड्या घेतल्यास."