मोबाइलमधल्या न्यायाधीशासमोर

पोलीस चौकीची पायरी चढेपर्यंत जयवंतरावांनी बायकोला अर्धंच सांगितलं होतं. पैसे गेले, हे सांगितलं. कसे गेले, ते ‘फोनवरून’ एवढ्यावर उरकलं. पैसे यमुनाबाईंचे होते. माहेरची ‘होळीची वाडी’ ही जमीन विकली तेव्हा त्यांचा हिस्सा भावांनी कुरकुर न करता दिला होता, आणि माहेरची आठवण म्हणून त्यांनी तो बँकेत नुसता ठेवून दिला होता. खातं दोघांचं, म्हणून तक्रारीवर सही दोघांची लागणार होती. नाहीतर जयवंतराव एकटेच आले असते. किंवा आलेच नसते.

तक्रार लिहायला अनुष्का नावाची तरुण पोलीस बसली होती.

“काका, नोकरी कुठं करायचात?”

“कोर्टात. न्यायाधीशांच्या समोर बसणारा क्लार्क. आता निवृत्त.”

तिची बोटं की-बोर्डवर थबकली आणि तिने वर पाहिलं. ही नजर येणार हे जयवंतरावांना ठाऊक होतं, तरी त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“सांगा, काय झालं?”

आधी वर्दीतला एक माणूस व्हिडिओवर आला. म्हणाला, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अंमली पदार्थ सापडलेत, बायकोशी बोललात तर तिलाही आरोपी करू. मग म्हणाला, आता न्यायाधीशांसमोर हजर व्हा. जयवंतरावांनी मोबाइल ओट्यावरच्या लोणच्याच्या बरणीला टेकवला. न्यायाधीश दिसताच ते उठून उभे राहिले.

“म्हणून त्या दिवशी घरात बूट घातले होतेत?” यमुनाबाई पहिल्यांदाच बोलल्या.

“कोर्टात चपला बऱ्या दिसत नाहीत.”

“माझ्या ओट्यापाशी?”

अनुष्काने मान खाली घातली. हसली की काय, ते कळलं नाही.

“मग घाबरून पैसे पाठवलेत. तसं लिहिते.”

इथे गप्प बसायला काहीच हरकत नव्हती. पण जयवंतरावांनी आयुष्यभर लोकांना शपथ दिली होती.

“आधी घाबरलो होतो. पण त्या न्यायाधीशाने कलम चुकीचं सांगितलं, आणि मी नम्रपणे सुधारलं. तो म्हणाला, जयवंतराव, तुमचा अनुभव दिसतोय, आभारी आहे. खऱ्यांनी कधी नावाने हाकही मारली नव्हती. त्यानंतर तपासणीपुरते पैसे सरकारी खात्यात ठेवा म्हणाला. मी ठेवले. तेव्हा घाबरलो नव्हतो. छाती फुगवून ठेवले.”

“काका, हे नाही लिहिता येत.”

“भीतीपोटीच लिही गं,” यमुनाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी सही केली.

घरी येऊन जयवंतराव दारातल्या स्टुलावर बसले आणि नाड्या सोडताना त्यांच्या लक्षात आलं, चौकीतही आपण तेच बूट घालून गेलो होतो. पॉलिश करून.

आत फोन वाजला. यमुनाबाईंचा धाकटा भाऊ होता.

“हो रे, पैसे आहेत की बँकेत,” त्या म्हणाल्या. आवाजात काही फरक नव्हता. “मला काय कळतंय? हे बघतात सगळं. कोर्टात होते ना.”

जयवंतरावांच्या हातातली नाडी सुटेना. गाठ घट्ट बसली होती. यमुनाबाई फोन ठेवून स्वयंपाकघरात गेल्या. ते तसेच वाकून बसून राहिले.