ओळखीच्या फाइली

हिमांशू गेला आणि महिन्याभरात त्याच्या लॅपटॉपची डिस्कही गेली. तिरोड्याच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या ओमेशनं तिच्यातून खरवडून ढीगभर फाइली काढून दिल्या, पण एकीलाही नाव नाही. मला त्यातून एकच गोष्ट हवी होती. माझ्या नवऱ्याच्या तोंडून एकदा "राखी" हे माझं नाव ऐकायचं होतं. त्याचा फोन अपघातात त्याच्यासोबतच चिरडला, आणि मला मेसेज करायचा तो नुसता टाइप करून. बोलायला काय जीभ झिजत होती?

मी घरूनच सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, त्यामुळे हा ढीग कसा उपसायचा ते मला ठाऊक होतं. प्रत्येक फाइलचा एक हॅश निघतो, अंगठ्याचा ठसाच म्हणा. नाव पुसलं तरी ठसा तोच. जगभर वाटल्या गेलेल्या सॉफ्टवेअरच्या ठशांची यादी मिळते. ठसा जुळला की फाइल ओळखीची, ती बाजूला काढायची. उरेल ते आपल्या माणसाचं.

उरलं काय? धानाचे फोटो, विजेची बिलं, आणि माझा झोपेतला एक भयंकर फोटो. आवाज एकही नाही. मी माझा लॅपटॉप आपटून मिटला आणि रडले.

सासरे, ईश्वरदास, बाजेवर बसले होते. "काऊन रडून राहिली वं, बाई? तो पाळीवाला आवाज नाही का त्यात?"

आमच्या गावात तलावाचं पाणी वावरांना, म्हणजे शेतांना, पाळीनं सुटतं. ज्याची पाळी, त्याला नावानं हाक मारणारा प्रोग्राम हिमांशूनं स्वतःच्या आवाजात बनवला होता. दुसऱ्या गावांच्याही कामी यावा म्हणून इंटरनेटवर फुकट टाकला, तोही आमच्याच लोकांच्या नावांसकट. आळशी मेला! म्हणजे तो आवाजही जगाच्या ओळखीचा झाला होता, आणि मी माझ्याच हातानं तो बाजूला टाकला होता.

बाजूच्या ढिगात सापडला. लावला.

"बकारामजी, पाळी आली. बांधावर या." मग मुन्नालालजी, मग मनिरामजी. मग, "बाबूजी, उठा. आपली पाळी आली."

सासरे खरंच उठले. फावड्यापर्यंत गेले, आणि तिथंच खाली बसले.

"पुन्हा लाव वं," म्हणाले.

मी पुन्हा लावलं आणि या वेळी शेवटपर्यंत ऐकलं. गावातल्या प्रत्येक वावरवाल्याचं नाव हिमांशूनं घेतलं होतं. माझ्या नावावर वावर नव्हतं.