सर्वनामाचा रकाना

आपणमास्तरांनी कानावरचे हेडफोन नीट बसवले, तांबड्या पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"नमस्कार. आपल्याला दोन मिनिटं थांबवतोय, माफ करा. आपण हातातली पिशवी खाली ठेवता का?"

तपासणीच्या कागदावर दहा रकाने होते. अभिवादनावर खूण झाली, दिलगिरीवर झाली. आवाज मागच्या तुकडीतल्या दुसऱ्या बाकावरच्या शिपायाचा होता. 'कृपया' हा शब्द बिनचूक उच्चारणारा वर्गातला तो एकटाच.

मास्तर चौतीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवून निवृत्त झाले होते. दोन वर्षांपूर्वी शहरात फार आरडाओरडा झाला, की पोलीस काळ्या कातडीच्या माणसांनाच रस्त्यात अडवतात, आणि अडवतात ते 'ए, इकडे ये' म्हणून. खात्याने या तक्रारीचा गंभीरपणे विचार केला आणि तिचा उत्तरार्ध सुधारायचं ठरवलं. दर्जावाढीची योजना निघाली, भाषेचे वर्ग निघाले. शिकवायला व्याकरण येणारा माणूस हवा होता, आणि फोटोत शोभावा म्हणून काळा हवा होता. मास्तर दोन्हींत बसत होते.

त्यांनी काम मनावर घेतलं. जन्मभर वर्दीच्या तोंडून 'तू' ऐकलेला माणूस तो. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर 'आपण' एवढाच शब्द लिहिला.

"याचे अर्थ दोन," ते म्हणाले होते. "एक, समोरचा माणूस. दुसरा, तो आणि मी मिळून दोघं. दोन्ही अर्थ मनात असतील तरच हा शब्द तोंडातून काढायचा."

शिपायांनी ते वहीत उतरवून घेतलं होतं. मास्तरांनी एक नियमही घालून दिला होता: सर्वनामात नापास तो सगळ्यात नापास. एका 'तू'पायी त्यांनी बारा वर्षं नोकरी झालेल्या हवालदाराला पुन्हा वर्गात बसवलं, तेव्हापासून खात्यात त्यांचं नाव आपणमास्तर पडलं.

फरक पडला होता, हे कबूल करायला हवं. कचेरीच्या फाटकावरचा पहारेकरी पूर्वी त्यांना "ए, कुठे?" म्हणून हटकायचा. आता तोच उठून उभा राहायचा. "आपण कोणाकडे निघालात? आपलं ओळखपत्र बघू का?" असं रोज विचारायचा. मास्तरांबरोबर फाटकातून शिरणाऱ्या गोऱ्या कारकुनाला मात्र तो कधी काही विचारत नसे. त्या बिचाऱ्याला इतकी चांगली भाषा ऐकायलाच मिळाली नाही.

"साहेब, मी कुलूपवाला आहे," रेकॉर्डिंगमधला दुसरा माणूस सांगत होता. "या घरातल्या आजींची किल्ली आत राहिली, त्यांनीच बोलावलंय. त्या शेजारी बसल्यात. विचारा नाऽ."

"आपण म्हणता ते खरंही असेल. आपण कृपया जमिनीवर पालथे व्हा."

मास्तरांची पेन्सिल याच जागी थांबली. आधीच्या चारही वेळा इथेच थांबली होती. तो लांबवलेला 'नाऽ' त्यांच्या घरात रोज जेवताना ऐकू यायचा. त्यांच्या जावयाचा होता तो. जावई कुलुपं दुरुस्त करायचा, आणि गेल्या मंगळवारी हात गळ्यात बांधून घरी आला होता. जिन्यावरून घसरलो म्हणाला होता.

"आपण हलू नका. आपला हात मागे घेतोय."

मग धसमुसळ झाली. मग वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज. मग जावयाचा आवाज, पण त्यात शब्द नव्हता. शब्द नंतर आले, "सोड रे, सोड!"

"आपल्याला लागलं का?" शिपायाने विचारलं. विचारपूस हा नववा रकाना होता.

या सगळ्याचं चित्र नव्हतं. शिपायाच्या छातीवरच्या कॅमेऱ्यात ते होतं, पण चित्र दिसलं की परीक्षकाचं भाषेवरचं लक्ष उडतं, म्हणून खातं नुसता आवाज देई.

मास्तरांनी हेडफोन काढले. एखादा 'तू', एखादा 'रे', दातांखाली चावलेली एखादी शिवी तरी सापडेल म्हणून पाच वेळा ऐकून झालं होतं. कुठे काही नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ते विद्यार्थ्याची चूक निघावी म्हणून देव पाण्यात घालून बसले होते, आणि विद्यार्थी नेमका पहिल्या नंबराचा निघाला होता.

"झालं का, मास्तर?" दारातून साहेबांनी डोकं आत घातलं. दर्जावाढीचं काम त्यांच्याकडे होतं. "सातच्या वर गुण गेले की तक्रार निकालात. फाईल तेवढ्यासाठी अडलीय."

"यात हाताचा रकाना नाही."

"कसला हात?"

"मोडलाय. ऐकू येतंय."

"तो वैद्यकीय विभाग. तुमच्याकडे फक्त तोंड." साहेब स्वतःच्या विनोदावर हसले. "आणि खरं सांगू? जीभ घसरलीय ती त्या कुलूपवाल्याची. आमच्या माणसाला 'सोड रे' म्हणाला. ऐकलंत ना? अरे-तुरे! मी ते वेगळं नोंदवून ठेवलंय."

"हात मोडल्यावर म्हणालाय."

"आता व्याकरणाला कारणं लागायला लागली होय?"

तो माझा जावई आहे, हे वाक्य मास्तरांच्या ओठांपर्यंत आलं. ते बाहेर पडलं असतं तर कागद पलीकडच्या टेबलावर गेला असता, मदतनिसाकडे. मदतनीस दिलदार होता, सगळ्यांना दहा द्यायचा.

"उद्या सकाळी देतो," मास्तर म्हणाले आणि कागद पिशवीत घातला.

"द्या. अर्धा गुण कुठेतरी कापा मात्र. पुरे दहा दिले की वरच्यांना संशय येतो."

मास्तर घरी पोहोचले तेव्हा जावई टेबलाशी बसून एका हाताने कुलूप उघडायच्या खटपटीत होता. कुलूप टेबलावर घसरत होतं, तो ते हनुवटीने दाबून धरत होता. मुलगी चहाचे कप ठेवून आत गेली.

"आपण जिन्यावरून घसरलात ना?" मास्तरांनी विचारलं.

"हो. पाणी सांडलं होतं." मग त्याने पिशवीतून डोकावणाऱ्या कागदावरचा शिक्का पाहिला आणि हनुवटी उचलली. कुलूप खाली पडलं.

"आवाज ऐकला मी आपला. पाच वेळा."

जावयाने वाकून कुलूप उचललं आणि टेबलावर ठेवलं.

"तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगायचं, बाबा? तुमचाच विद्यार्थी. अगदी तुमच्या तालमीतला. पिरगाळतानासुद्धा कसा अदबीने बोलत होता."

"तक्रार तरी दिलीत."

"त्या आजींनी दिली. मी नको नको म्हणत होतो. तुमची नोकरी आहे तिथे."

मास्तर उठून त्याच्याजवळ गेले. गळ्यातल्या झोळीची गाठ मानेवर रुतत होती. ती सैल करायला त्यांनी हात पुढे केला.

"आपल्याला फार—"

जावई खुर्चीसकट मागे सरकला. फरशीवर कर्रकन आवाज झाला. मोडका हात त्याने छातीशी घट्ट धरला होता. मास्तरांचा हात हवेतच राहिला.

"तुमच्यामुळे नाही हो," जावई ओशाळून म्हणाला. "तो शब्द. 'आपण, आपल्याला' असं कोणी म्हणालं की अंग आपोआप आकसतं. परवा दुकानात एका बाईंनी आपण म्हटलं, मी पिशवी टाकून बाहेर." तो हसायला गेला, पण ते काही जमलं नाही. "बाबा, मला तू म्हणा नाऽ."

सहा वर्षांत मास्तरांनी जावयाला एकदाही 'तू' म्हटलं नव्हतं. जावई आहे तो, राजदूत नाही, अशी मुलगी त्यांची चेष्टा करायची.

ते परत आपल्या खुर्चीवर बसले. पिशवीतून कागद काढला, कुलूप बाजूला सारून टेबलावर पसरला. नऊ रकान्यांत खुणा होत्या. सर्वनामाचा तेवढा त्यांनी मोकळा ठेवला होता. पेन्सिल त्या रकान्यावर बराच वेळ उभी राहिली. मग त्यांनी तिथे शून्य काढलं, शाळेत काढायचे तसं मोठं, वाटोळं, टोकाला टोक जुळलेलं. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, 'अर्थ कळलेला नाही.' आणि खाली, बेरजेच्या जागी, 'नापास'.

जावयाने मान वाकडी करून वाचलं.

"पण शब्द तर त्याने बरोबरच वापरला, बाबा. एकदाही चुकला नाही. साहेब हे मानणार आहेत का? उद्या तुम्हालाच घरी बसवतील, आणि कागद दुसऱ्या कोणाकडून तपासून—"

मास्तरांनी मान वर केली नाही. ते नापासखाली सही करत होते.

"गप बस रे," ते म्हणाले. "चहा पी. पेपर तपासतोय मी."