हवेत वाढलेली पानं

सासऱ्यांनी डोळ्याच्या ऑपरेशनला एकदाचा होकार दिला, तेव्हा घरात सगळ्यांना हायसं वाटलं. सूनबाई मात्र घाबरली. दोन वर्षं त्यांची मनधरणी केली होती तीही तिनेच, नुसते पाय धरायचे बाकी ठेवले होते. आणि आता म्हातारबुवा तयार झाले, तर हिचेच हातपाय गार.

कारण ऐकून कुणालाही हसू येईल. कारण होतं माशांची एक टाकी.

बैठकीच्या खोलीत भिंतीला लागून ती टाकी होती, एखादा उंच माणूस आडवा झोपेल एवढी लांब, आणि आत माशांपेक्षा झाडंच जास्त. सासऱ्यांनी ती नोकरीत असताना लावली आणि निवृत्तीनंतर तिला जीव लावला. मोतीबिंदू दाटत गेला तशी ती त्यांना दिसेनाशी झाली, शेवटी नुसता हिरवा उजेड उरला. ऑपरेशन तेव्हाच व्हायचं. पण सासूबाई हॉस्पिटलात वारल्या, आणि त्या दिवसापासून हॉस्पिटलची पायरी चढायची नाही, असं सासऱ्यांनी ठरवून टाकलं. मग रोज संध्याकाळी ते टाकीसमोर खुर्ची ओढून बसत आणि विचारत, "सूनबाई, कशी आहे आज?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा कोपऱ्यातल्या झाडाची पानं भोकं पडून कुजायला लागली होती. सासूबाईंना जाऊन महिनाही झाला नव्हता. माणूस आधीच खचलेला, त्यात हे कशाला सांगा, म्हणून ती म्हणाली, छान आहे. एकदा छान म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी वाईट कुठल्या तोंडाने म्हणणार? छानचं फार छान झालं. लाल झाड वाढून पार वर पोचलं, पुढची हिरवळ दाट झाली, म्हातारा मासा टाकीतल्या ओंडक्यामागे रुसून बसायला लागला. खरं तर लाल झाड कधीच मेलं होतं, काचेवर शेवाळाचा बुळबुळीत थर होता, ओंडक्याला काळ्या शेवाळाची दाढी फुटली होती आणि म्हातारा मासा गॅलरीतल्या कुंडीत पुरलेला होता. तिने हयगय केली असंही नाही. ती पाणी बदलायची, काच घासायची, सासरे सांगतील तसं सगळं करायची. पण टाकी काही केल्या धरेना. ती रंगवून सांगायला लागली की नवरा पेपरामागून म्हणायचा, तू कादंबऱ्या लिहायला घे.

कहर म्हणजे सासरे तयार झाले ते याच वर्णनांमुळे. तू सांगतेस ते एकदा या डोळ्यांनी बघू दे, मग डोळे गेले तरी चालतील, असं ते म्हणाले.

आता या गृहस्थांचा जन्म गेला होता वजनमापं तपासण्यात. ते बाजारात शिरले की दुकानदारांची बोलती बंद व्हायची. जेवताना ते खात्याचा एक नियम इतक्यांदा सांगत, की घरातल्या सगळ्यांचा तो पाठ झाला होता: एक वजन खोटं निघालं की अख्खा संच जप्त. बाकीची खरी आहेत का, हे बघत बसायचं नाही. हा नियम त्यांनी घरातही लावला. सख्खा भाऊ एकदा कशावरून तरी खोटं बोलला, तर त्याच्याशी बोलणं बंद केलं ते आजतागायत.

टाकीवरून बोलणी बसतील, याची सूनबाईला भीती नव्हती. बोलणी काय, या कानाने ऐकून त्या कानाने सोडली असती. तिला भीती होती ती दुसऱ्याच वजनाची.

सासूबाई गेल्या तेव्हा सासरे तिथे नव्हते. टाकीचा फिल्टर गळून खोलीभर पाणी झाल्याचा शेजाऱ्यांचा फोन आला, म्हणून ते घरी गेले होते, आणि नेमक्या तेवढ्या वेळात त्या गेल्या. जवळ एकटी सून. त्यांनी डोळे उघडले, ते गेले का म्हणून विचारलं, आणि म्हणाल्या, "बरं झालं. ते समोर असते तर माझा पाय निघाला नसता." हे सूनबाईने सासऱ्यांना सांगितलं आणि त्या एका वाक्याच्या आधारावर तो माणूस पुन्हा उभा राहिला. एरवी, बायको जात असताना आपण मासे सांभाळत होतो, या विचारानेच ते संपले असते. वाक्य खरं होतं, अक्षर न् अक्षर खरं. पण ऐकायला कसं वाटतं? एखाद्या भल्या सुनेने सासऱ्याचं मन राखायला रचल्यासारखं. आणि ही सून रचते, हे एकदा कळलं की मग संपलंच.

तिने हे सगळं नवऱ्याला सांगितलं. तो घराला आग लागली तरी आधी चहा टाकायला सांगेल अशातला. म्हणाला, नवी झाडं आण आणि लाव, दोन वर्षांत झाडं बदलतातच की. त्याचं बोलणं तिला पटलं नाही, पण दुसरं काही सुचतही नव्हतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती माशांच्या दुकानात गेली. दुकानदाराने एकेक रोप काढून दाखवलं. लाल झाडाची पानं जाडसर, तुकतुकीत, बघत राहावीत अशी. पिशवी बांधता बांधता तो सहज म्हणाला, काही दिवसांनी ही पानं गळतील हं ताई, घाबरू नका. ही झाडं मळ्यात पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात, लवकर होतात म्हणून. पाण्यात गेली की ही पानं टाकतात, आणि नवी येतात ती लांबट, पातळ. ती वेगळीच दिसतात.

"बघून ओळखू येतं?" तिने विचारलं.

"ज्याने झाडं वाढवलीत, त्याला लांबूनही येतं. बाकी कुणाला नाही."

पाण्यात वाढलेली आहेत का, असं तिने विचारल्यावर तो हसला. तशी दुकानात नसतात, लोकांच्या घरी असतात, म्हणाला. तरी तिने पिशवी घेतली, घरी आणून न्हाणीघरात बादलीमागे लपवली आणि रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली.

सकाळी नवरा सासऱ्यांना घेऊन हॉस्पिटलात गेला. दोघं रात्री तिथेच राहणार होते. दार लावल्या लावल्या ती कामाला लागली. काच जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डाने खरवडली. ओंडका तिला एकटीला उचलवेना, म्हणून तो टाकीतच दात घासायच्या ब्रशने घासला, खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून. इथवर ठीक चाललं होतं. मग तिने कुजलेल्या झाडांची मुळं उपटायला घेतली, आणि तळाची माती उसळली. वर्षानुवर्षं साचलेली घाण वर आली, नासक्या अंड्याचा वास सुटला आणि बघता बघता टाकीचा चिखल झाला. मागची भिंत दिसेना, ओंडका दिसेना. मग मासे वर आले आणि पाण्याबाहेर तोंड काढून आ वासायला लागले.

होते नव्हते तेवढेही मासे मेले तर उद्या दाखवायचं काय? बादल्या भरायच्या, ओतायच्या, पुन्हा भरायच्या, दुसरं काही तिला सुचेना. मध्येच फोन वाजला. ऑपरेशन झालं, पट्टी बांधली आहे, उद्या सकाळी काढून दुपारी घरी सोडतील, असं नवऱ्याने सांगितलं आणि विचारलं, झालं का तुझं? होतंय, ती म्हणाली. ओल्या हातातून फोन निसटत होता. त्या क्षणी तिच्या मनात आलं, उद्या पट्टी काढल्यावर त्यांना काही दिसलंच नाही तर? तर सुटले मी.

तिने फोन ठेवला आणि ओल्या जमिनीवर बसकण मारली. आपल्या मनात हे आलं, याची तिला जेवढी भीती वाटली तेवढी मघाच्या चिखलाचीही वाटली नव्हती.

अंधार पडायच्या सुमाराला पाणी निवळलं, मासे खाली गेले. तिने लांब चिमट्याने एकेक रोप मातीत खोचलं. दिवा लावला. टाकी सुंदर दिसत होती, तिने दोन वर्षं सांगितली होती तशी. ती लाल पानांकडे बघत उभी राहिली. जाड, तुकतुकीत, गोलसर. आता तिला दुसरं काही दिसेचना.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासरे काळा चष्मा लावून घरात आले. आधी तिच्याकडे बघून म्हणाले, किती वाळलीस गं. मग सवयीने खुर्ची ओढली, टाकीसमोर बसले आणि चष्मा काढला.

"सुंदर," ते म्हणाले.

नवऱ्याने तिला डोळा मारला. सासरे पुढे वाकले, काचेला नाक लागेल इतके. लाल झाडापाशी थांबले, मग पुढच्या हिरवळीपाशी, मग पुन्हा लाल झाडापाशी आले.

"ही पानं पाण्यात वाढलेली नाहीत."

नवरा काहीतरी सारवासारव करायला लागला. त्यांनी त्याला हातानेच गप्प केलं आणि चौकशी सुरू केली. आवाज चढवला नाही. बाजारातही चढवत नसत. जुनं लाल झाड कधी गेलं? गेल्या वर्षी. हिरवळ? त्याच्याही आधी. म्हातारा मासा? उन्हाळ्यात, बाबा. ती एकेक सांगत गेली. लपवायचं आता काय उरलं होतं? ते ऐकत होते आणि प्रत्येक उत्तराला मान हलवत होते. प्रश्न संपले. पुढचा प्रश्न त्यांच्या ओठांवर आलेला तिला दिसला. तो त्यांनी गिळला आणि टाकीकडेच बघत म्हणाले,

"हॉस्पिटलातलंही तू छानच सांगितलं होतंस."

"ते खरं आहे बाबा," ती म्हणाली. त्यांनी पुन्हा तशीच मान हलवली. ही मान कुठली, ते तिला कळलं. बाजारात गयावया करणाऱ्याला मिळायची ती.

सासूबाई म्हणाल्या होत्या त्यातला थोडा भाग तिने तेव्हा गाळला होता. तो सांगण्यासारखा नव्हताच. मेलेल्या माणसाच्या तोंडचं असलं काही जिवंत माणसाला कुणी सांगत नाही, निदान तिच्या स्वभावात ते नव्हतं. आता सांगितलं तर हा माणूस कोसळेल, आणि नाही सांगितलं तर त्याच्यापाशी काहीच उरणार नाही. तिने सांगायला सुरुवात केली.

"सगळं नव्हतं सांगितलं मी. त्या म्हणाल्या, 'गेले का ते? डबक्यापाशीच गेले असतील. त्या डबक्याकडे जितकं बघत आले, त्याच्या निम्मं माझ्याकडे बघितलं असतं तर काय बिघडलं असतं? जाऊ दे. बरं झालं. ते समोर असते तर माझा पाय निघाला नसता.'"

नवरा हळूच म्हणाला, आई कधी डबकं म्हणायची नाही. मी तरी ऐकलं नाही.

"तुझ्या जन्माआधी म्हणायची," सासरे म्हणाले. "मी एकदा फार रागावलो. मग नाही म्हणाली."

ते खुर्चीत मागे टेकले. पाणी आणू का, सूनबाईने विचारलं. त्यांनी नको म्हटलं. आपण काय करून बसलो, असं वाटून ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"निम्मं," ते म्हणाले. "निम्मंही नाही बघितलं. खरं आहे तिचं."

मग ते उठले, खुर्ची टाकीकडून तिच्याकडे फिरवली, पुन्हा बसले आणि म्हणाले, पहिल्यापासून सांग, काही न गाळता. तिने सांगितलं.