चौथ्या झोपेनंतर

"आईचं काही खरं नाही. आणि तू येऊ नकोस." दादाने फोनवर दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या.

मी नागोयाच्या प्रयोगशाळेत उभी होते, हातात पिवळ्या पाण्याची नळी. रेशीमकिड्यांना मारणारा एक जंतू आहे. तो मी पोसते आणि त्याच्या पाण्यातून एक एन्झाइम काढते. पेशीच्या पडद्यावर काही प्रथिनं तेलकट दोरीने बांधलेली असतात, त्यातली तेवढी दोरी ते कापतं. पडदा फाटत नाही, प्रथिनाला ओरखडा नाही. सुटलेलं प्रथिन वरच्या पाण्यात आलं की आमच्या रसायनाने पाणी पिवळं होतं. त्या पिवळ्यासाठी माझी तीन वर्षं गेली होती.

"सुटलं, किनुएबाई, सुटलं!" प्रोफेसर उसामी लहान मुलासारखे हसत होते. मी मात्र पुरती अडकले होते.

दोष माझ्याच तोंडाचा. नव्या वर्षाला इनाला, आमच्या गावी घरी गेले, तेव्हा जंतूचं नाव सांगून बढाई मारली. वर, त्याचे बीजाणू धुळीत वर्षानुवर्षं टिकतात, हेही सांगितलं. आई खो खो हसली. "चाळीस वर्षं ज्याच्या नावाने बोटं मोडली, त्याला माझी पोरगी दूध पाजते!"

तामेओदादा हसला नाही. आमच्याकडे रेशीमकिडे घरातच वाढतात, माणसं कोपऱ्यात झोपतात. शेजारीणसुद्धा पाय धुतल्याशिवाय आत येत नाही. हा नियम आईचाच.

"किडे चौथ्या झोपेतून उठलेत, शेवटची कात टाकून," दादा फोनवर म्हणाला. "आठवडाभर खातील, मग कोष धरतील. तेव्हा ये."

"आईकडे आठवडा आहे?"

डॉक्टरांनी तिला घरी पाठवलं होतं, यातच सगळं आलं.

मी तीनदा आंघोळ केली, नवे कपडे, नवी चप्पल घातली आणि दुसऱ्या दिवशी गेलेच. दादा तुतीच्या बांधावर कोयता घेऊन उभा होता.

"तिथेच थांब!"

"सगळं नवं आहे, दादा."

"आणि केस? नखं? तीही नवी आणलीस?"

त्याचं खरं होतं, म्हणून तर माझी तळपायाची आग मस्तकात गेली. घरातून किड्यांच्या खाण्याचा करकर आवाज येत होता. मी ओरडले, "आई!"

"आलीस? जेवलीस का?" आतून बारीक आवाज आला. मग म्हणाली, "आत येऊ नकोस हं."

भर दुपारी बांधावर बसून मी हमसून हमसून रडले.

"तामेओ, मला बाहेर ने."

"आई, तिला शिवलीस तर परत आत घेता येणार नाही."

"नियम कुणाला शिकवतोस?"

दादाने तिला पाठीवर आणलं, वाटेवर ठेवलं आणि तो मागे सरला. आईने माझा हात धरला, नखं निरखून पाहिली.

"ह्यांचीच का एवढी भीती?" ती म्हणाली.

आम्ही अवजारांच्या खोपीत राहिलो. दादा पेज वाटेवर ठेवून जायचा. ती किड्यांपासून सुटली असं मला वाटलं होतं, पण कान घरातच. "तामेओ! खिडकीजवळच्या ट्रेमध्ये पाला कमी पडलाय. ऐकू येतं मला!" आणि खरंच कमी पडलेला असे.

एकदा तिने माझं काम विचारलं. मी दोरीची गोष्ट सांगितली.

"मग सुटलेलं ते जातं कुठे?"

"कुठे नाही. पाण्यात तरंगत राहतं."

"बिचारं," आई म्हणाली.

सातव्या सकाळी करकर थांबली. एवढी शांतता मला सहन होईना. आईने डोळे उघडले. "चढले वाटतं," म्हणाली आणि पुन्हा मिटले. माझ्या हातातला तिचा हात हळूहळू गार होत गेला. मी तो सोडला नाही.

दादा धावत आला. "चढले! सगळे कोषाला लागले! खाणं संपलं, आता जंतू पोटात जायची भीती नाही. चला, दोघी आत चला!"

मग त्याने आईकडे पाहिलं.

मी तिला उचलून घरात नेलं. उंबऱ्याशी मला कुणी पाय धुवायला सांगितलं नाही.