हौदवालीचं मत

"मावशी, तारीख सांगा," वरून मंडळीच्या सेक्रेटरींचा आवाज आला.

मावशी हौदाच्या तळाशी उभी होती. कपडे गुडघ्यापर्यंत खोचलेले, हातात ब्रश, आणि शेवाळाची एक हट्टी रेघ, जी दर खेपेला त्याच कोपऱ्यात उगवायची.

हा हौद प्रार्थनागृहाच्या व्यासपीठाखाली होता. लाकडी फळ्या उचलल्याशिवाय दिसत नसे. इतर पंथांत तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी घालतात, पण या बॅप्टिस्ट मंडळीत ते चालत नव्हतं. कळत्या वयात आपला विश्वास आपल्या तोंडाने सर्वांसमोर सांगायचा, मग डोक्यासकट पाण्याखाली जायचं, हा इथला बाप्तिस्म्याचा शिरस्ता. पाणी भरणं, ते कोमट करणं, पांढरे झगे धुऊन इस्त्री करणं हे सगळं मावशीकडे. झगे पाण्यात फुग्यासारखे वर येऊ नयेत म्हणून काठात शिशाचे तुकडे शिवायची युक्तीही तिचीच. एकतीस वर्षांत तिचं खरं नाव मंडळी विसरली होती. सगळ्यांची ती हौदवाली मावशी.

"कसली तारीख?"

"तुमच्या बाप्तिस्म्याची. जुनं रजिस्टर वाळवीने फस्त केलं ना! नवं करतोय. चाळीस सभासदांच्या तारखा मिळाल्या, तुमची तेवढी राहिली."

ब्रश थांबला.

"माझी नाही."

"आठवत नाही? साल तरी सांगा."

"आठवायला झाला कुठं? झालाच नाही."

सेक्रेटरी हसले. जन्मभर वीज कंपनीत मीटर वाचलेला माणूस. आकडा दिसला की लिहायचा आणि पुढच्या घरी जायचं, एवढंच त्यांना ठाऊक. "मावशी, उद्या सभा आहे. थट्टेची वेळ आहे का ही?"

"शेवाळ घासत घासत थट्टा करायला मला हौस आहे होय?"

मग मात्र ते हौदाच्या काठावर मटकन बसले.

गोष्ट साधी होती. मावशीचा नवरा इथला राखणदार आणि सभासद. लग्नानंतर काही वर्षांनी तिचाही बाप्तिस्मा ठरला, आणि त्याच आठवड्यात नवरा गेला. किल्ल्या तिच्या कमरेला आल्या. महिन्याभराने सभा होती. ती दाराशी उभी होती, सगळ्यांनी हात वर केले, तिनेही केला, आणि तेव्हाच्या सेक्रेटरींनी तो मोजला. तेव्हाचे पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, लवकरच दुसरीकडे गेले. नव्यांना वाटलं, ही तर जुनीच. पहिल्या वर्षी तिला सांगायची लाज वाटली. दहाव्या वर्षी भीती वाटली. पुढे पुढे तर तिलाच वाटायला लागलं की झाला असेल बुवा, कधीतरी, गडबडीत.

सेक्रेटरींनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हे बघा, मी काही ऐकलं नाही. तुमचे मालक जायच्या आदल्या महिन्यातली एक तारीख टाकून देतो. वाळवी काही साक्ष द्यायला येत नाही."

"अहो, पण..."

"पण काय? पाळकसाहेबांचा विचार करा जरा. मागच्या वर्षी त्यांची निवड कशी झाली?"

मावशीला आठवत होतं. या मंडळीवर पाळक नेमणारं वरचं कुणी नव्हतं. सभासद हात वर करून ठरवत. एकवीस विरुद्ध वीस. त्यातलं एक मत तिचं. ते वजा केलं तर वीस-वीस.

"त्यांची बायको आत्ता कुठे इथल्या शाळेत रुजू झालीय," सेक्रेटरी म्हणाले. "खोकी पण सगळी उघडलेली नाहीत बिचाऱ्यांची. आणि तुम्ही? सभासद नाही म्हणजे मागच्या बाकावर, पाहुण्यांसारखं बसायचं. या वयात?"

ते गेले. मावशीने कोपरा घासून काढला, जरा जास्तच. तारीख टाकणं किती सोपं होतं. एका ओळीचं तर काम. पण तिने याच हौदाच्या पायऱ्यांवर लोकांना थरथरताना पाहिलं होतं. एक सहा फुटी मेकॅनिक स्वतःचं वाक्य विसरून रडला होता. एका तोतऱ्या मुलीला पाच शब्दांना पाच मिनिटं लागली होती, आणि कुणीही तिच्यासाठी ते बोललं नव्हतं. आईसुद्धा नाही. आपल्यासाठी दुसऱ्याने बोलायचं नाही, राजानेही नाही, एवढ्यासाठी पूर्वी या पंथाची माणसं तुरुंगात गेली, असं जुने पाळक सांगायचे. माणसं तुरुंगात गेली, आणि आपल्यासाठी सेक्रेटरी बॉलपेनने बोलणार!

दुसऱ्या दिवशी उपासना संपली, सभा सुरू झाली. पहिलाच विषय नवं रजिस्टर. सेक्रेटरी घाईघाईने म्हणाले, "रजिस्टर पूर्ण आहे, मंजूर समजू या..."

मावशी उभी राहिली.

"पूर्ण नाही. माझा बाप्तिस्मा झालेला नाही. मी एकतीस वर्षं हात वर करत आले, तो चुकीचा होता. आता मला बाप्तिस्मा घ्यायचाय. मंडळी घेत असेल तर."

 सेक्रेटरींनी रजिस्टर मिटलं.

मग पुढच्या रांगेतले आक्षेप-आजोबा उठले. ते दर ठरावाला आक्षेप घेत, म्हणून हे नाव. "मग मागच्या वर्षीची पाळकांची निवड रद्द!"

"आजोबा, तसे एकतीस वर्षांतले सगळेच ठराव रद्द होतील," एक बाई मागून म्हणाल्या. "छपराचा रंग खरवडून काढायचा का आता?"

हशा झाला. पण पाळक हसले नाहीत. पस्तिशीचा माणूस, कान लाल झालेले. "आजोबांचं बरोबर आहे," ते म्हणाले. "मावशींचा अर्ज आणि माझी निवड, दोन्हींवर मत घ्या."

ज्याच्यावर मत घ्यायचं त्याने बाहेर जायचं, असा नियम. त्यामुळे पाळक आणि राखणदारीण मागच्या पायरीवर शेजारी शेजारी येऊन बसले. सेक्रेटरींनी आतून दार लावून घेतलं.

"तुम्ही ती तारीख लिहू दिली असतीत तर..." पाळक म्हणाले. म्हणजे सेक्रेटरींनी त्यांनाही सांगितलं होतं तर.

"तर तुम्ही मला पाण्यात उतरवलं असतंत का?"

"नसतं."

"मग?"

पाळकांनी तळवे पँटला पुसले. "मावशी, मला मत का दिलं होतं तुम्ही?"

"निवडीआधीच्या तुमच्या पहिल्या प्रवचनात तुम्ही भलतीच ओळ वाचलीत. मग थांबलात, आणि म्हणालात, मी चुकलो, पुन्हा वाचतो. आधीचे दोघे पाळक चुकले तेव्हा नुसते मोठ्याने बोलले होते."

पाळक हसले. मग कान देऊन म्हणाले, "काहीच ऐकू येत नाही आतलं."

"हात वर करताना आवाज कुठं होतो, पाळकसाहेब?"

दार उघडलं. सेक्रेटरींच्या चेहऱ्यावरून आकडा ओळखता येत नव्हता. सवयच ती. "पाळकसाहेब, एकतीस विरुद्ध नऊ. या, बसा खुर्चीवर. मावशी, तुमच्यासाठी एकोणचाळीस. एक हात वर आला नाही."

कुणाचा, हे तिने विचारलं नाही. आत जाताना तिने आजोबांकडेही पाहिलं नाही, आणि त्या हसवणाऱ्या बाईकडेही नाही. आपली नेहमीची जागा ओलांडून ती परत फिरली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. पाण्यात उतरेपर्यंत तिची जागा तीच होती. तिथून सगळ्यांच्या फक्त माना दिसत होत्या. कुणाच्या कॉलरची शिवण उसवलेली तिला पहिल्यांदाच दिसली.

पुढचा विषय पन्हळीच्या गळतीचा होता. "दुरुस्ती करावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. मावशीचाही उठला, खांद्यापर्यंत गेला. मग तिने तो सावकाश खाली आणला, मांडीवर ठेवला, आणि दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

सेक्रेटरी बोटाने हवेत मोजत पुढून मागे आले आणि शेवटच्या बाकाच्या अलीकडे थांबले.

"चाळीस," ते म्हणाले.

मावशीनेही मागून मोजले होते. चाळीसच होते.